पुरावा गोळा करायला आणि तोलायला शिकवणारा मोफत संच : वापरून पाहिल्यानंतर

पर्यावरणाचं काम करणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास येतो: "यावर संशोधन काय म्हणतं?" विचारणाऱ्याला दोन ओळींत उत्तर हवं असतं आणि आपल्यासमोर शेकडो पेपर पडलेले असतात. काही म्हणतात उपाय लागू पडतो, काही म्हणतात पडत नाही, आणि बरेचसे 'परिस्थितीवर अवलंबून' म्हणून मोकळे होतात. माझं क्षेत्र गोड्या पाण्याचं. ओढे, नद्या आणि त्यांचे काठ. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता यावं म्हणून मी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे संशोधनाचा पद्धतशीर आढावा घ्यायला शिकायचं ठरवलं. त्यासाठी 'कोलॅबोरेशन फॉर एन्व्हायर्न्मेंटल एव्हिडन्स' म्हणजेच सीईई या संस्थेची मार्गदर्शिका हाताशी घेतली आणि तिच्या आजूबाजूला तयार झालेली मोफत साधनं एका सहकाऱ्याबरोबर वापरली. हे परीक्षण त्या सगळ्या संचाचं.

मत आधीच सांगते. पैसे न मोजता मिळणारं इतकं नेमकं शिक्षण मला या विषयात दुसरीकडे सापडलं नाही. पण हा संच एकट्याने बसून वाचायचा नाही, आणि स्वतःचा एक खरा प्रश्न हातात नसेल तर तो कोरडा वाटेल. संख्याशास्त्राच्या बाबतीत तो आपल्याला अर्ध्या वाटेवर सोडतो.

थोडी पूर्वपीठिका. वैद्यकात असे आढावे घेण्याची शिस्त 1993 साली कॉक्रेन संस्था स्थापन झाल्यावर पक्की रुजली. निसर्गसंवर्धनातले निर्णय मात्र अनुभव, सवय आणि तज्ज्ञांच्या मतांवर चालत राहिले. हे बदलायला हवं असा आग्रह धरणाऱ्यांमध्ये अँड्र्यू पुलिन होते. त्यांनी आणि गॅव्हिन स्ट्युअर्ट यांनी 2006 मध्ये 'कॉन्झर्वेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात पर्यावरणासाठीची पहिली मार्गदर्शक तत्त्वं मांडली. आज सीईईच्या संकेतस्थळावर जी मार्गदर्शिका आहे, तिची पाचवी आवृत्ती 2018 ची. संस्थेचं 'एन्व्हायर्न्मेंटल एव्हिडन्स' हे स्वतःचं नियतकालिकही आहे. सगळं खुलं आहे, कोणीही वाचावं.

हे शिकायला हवंच का, असं विचारणाऱ्यांना मी वटवाघळांचं उदाहरण देते. नवा रस्ता झाला की वटवाघळांनी वाहनांच्या वरून उडून जावं म्हणून ब्रिटनमध्ये रस्त्यावर आडव्या तारा ताणून पूल बांधले जात होते. हेतू चांगला होता, खर्च होत होता, कागदावर उपाय झाल्याची नोंद होत होती. 2012 मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आलेल्या अभ्यासात उत्तर इंग्लंडमधले असे पूल तपासले गेले, तेव्हा बहुतेक वटवाघळं तारांकडे फिरकतही नाहीत आणि वाहनांच्याच उंचीवरून रस्ता ओलांडतात असं दिसलं. पूल बांधून नऊ वर्षांपर्यंतचा काळ लोटलेल्या ठिकाणीही चित्र तेच होतं. उपाय केला आणि उपाय लागू पडला या दोन गोष्टींमध्ये केवढं अंतर असू शकतं, ते यातून कळतं.

आता संचाकडे. मार्गदर्शिकेची सुरुवात प्रश्न कसा घडवावा इथून होते, आणि माझ्या मते तिचा सगळ्यात मौल्यवान भाग हाच. आम्ही सरावासाठी घेतलेला प्रश्न असा होता: शेताच्या कडेला, ओढ्यालगत राखलेली गवता-झाडांची पट्टी पाण्यातलं नायट्रेट कमी करते का? ऐकायला हा प्रश्न सरळ आहे. मार्गदर्शिका त्याचे चार तुकडे करायला लावते: कशावर परिणाम, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत आणि मोजायचं काय. तुकडे करायला बसलो आणि प्रश्न उलगडत गेला. पाणी जमिनीवरून वाहतं ते धरायचं की जमिनीखालून झिरपतं ते? नायट्रेट पाण्यात विरघळतं आणि बरंचसं उथळ भूजलातून ओढ्याकडे जातं. तिथे ओलसर, सेंद्रिय कर्ब असलेल्या मातीत जिवाणू त्याचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. फॉस्फरसचं तसं नाही. तो बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून पृष्ठभागावरून वाहतो, म्हणून त्याच्यासाठी पट्टीचं काम गाळण्याचं. शेताखाली निचऱ्याचे पाइप टाकलेले असतील तर पाणी पट्टीला वळसा घालून थेट ओढ्यात उतरतं. मोजायचं काय, पाण्यातलं प्रमाण की वर्षभरात वाहून गेलेलं एकूण वजन? प्रत्येक उत्तरागणिक कोणते पेपर आत येणार आणि कोणते बाहेर राहणार, ते बदलतं.

हे सगळे निर्णय पेपर शोधायला लागण्याआधी लिहून काढायचे आणि जाहीर करायचे, हा सीईईचा नियम आहे. त्याला प्रोटोकॉल म्हणतात. तो नियतकालिकात परीक्षणासाठी पाठवता येतो किंवा संस्थेच्या 'प्रोसीड' या खुल्या नोंदवहीत नोंदवता येतो. नवख्यांना ही औपचारिकता वाटते. मला मात्र या पूर्ण पद्धतीचा प्राण इथेच दिसला. आपल्याला आवडणारे निकाल समोर आल्यावर निकष ठरवले, तर ते निकष त्या निकालांच्या मापाने शिवले जातात. त्यासाठी लबाडीच असावी लागते असं नाही. पट्ट्यांवर मनापासून विश्वास असणारा माणूस नकळत तसंच करेल, आणि माझा पट्ट्यांवर विश्वास आहे. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मी या संचाला एकच कसोटी लावली: उत्तर दिसण्याआधी ठरवायला तो मला भाग पाडतो का?

शोधाच्या टप्प्यात तो नक्की पाडतो. पट्टीला संशोधक किती नावांनी हाक मारतात ते आधी बघायचं: बफर स्ट्रिप, फिल्टर स्ट्रिप, रिपेरियन झोन, फील्ड मार्जिन, शिवाय 'व्हेजिटेटेड' लावून होणारी नावं. मग या शब्दांची 'अँड' आणि 'ऑर' घालून साखळी करायची आणि आपल्याला आधीपासून माहीत असलेले नेमके पेपर तिच्यात अडकतात का ते तपासायचं. ते निसटले तर साखळीत भोक आहे. ही चाचणी इतकी साधी आणि इतकी उपयोगी आहे, की संशोधनाला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच वर्षी शिकवायला हवी. गुगल स्कॉलरवर विसंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, की कितीही लाख निकाल सापडल्याचं ते सांगत असलं तरी दाखवतं फक्त पहिले 1000. शोध-यंत्रणांचा एक मोठा तौलनिक अभ्यास 2020 मध्ये आला. त्यात तपासलेल्या 28 यंत्रणांपैकी फक्त 14 पद्धतशीर आढाव्याचा मुख्य आधार होण्यालायक ठरल्या.

शोधशब्द चुकले की काय होतं, याचा धडा 2019 मध्ये सगळ्या जगाने पाहिला. कीटकांच्या ऱ्हासावरचा एक आढावा 'बायॉलॉजिकल कॉन्झर्वेशन'मध्ये आला आणि येत्या काही दशकांत जगातल्या 40 टक्के कीटकजाती नामशेष होऊ शकतात, हा आकडा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर गेला. त्या लेखकांनी शोधताना 'कीटक' आणि 'सर्वेक्षण' यांच्याबरोबर 'घट' या अर्थाचा शब्दही घातला होता. घट शोधायला निघाल्यावर घटच सापडणार. संख्या स्थिर राहिलेल्या किंवा वाढलेल्या कीटकांचे अभ्यास त्या जाळ्यात येतीलच कसे? पुढच्या वर्षी 'सायन्स'मध्ये 166 दीर्घकालीन सर्वेक्षणांचं मेटा-अॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं, 1,676 ठिकाणांचं. त्यात जमिनीवरच्या कीटकांची संख्या दर दशकाला सुमारे 9 टक्क्यांनी घटताना दिसली आणि गोड्या पाण्यातल्या कीटकांची सुमारे 11 टक्क्यांनी वाढताना. त्यावरही पुढे आक्षेप आले, कोणती सर्वेक्षणं घेतली आणि का घेतली यावर. कीटकांवरचं संकट खरं आहे आणि त्याची काळजी मलाही वाटते. म्हणूनच तो आकडा उद्या कोणी खोडून काढू शकेल अशा पायावर उभा असू नये, असं मला वाटतं.

यानंतर येतं स्क्रीनिंग, म्हणजे शीर्षकं आणि सारांश वाचून कोणता पेपर ठेवायचा, कोणता वगळायचा हे ठरवणं. इथे मार्गदर्शिका दोन माणसं मागते, आणि त्या दोघांनी एकमेकांचं न बघता निर्णय घ्यायचे असतात. आम्ही यासाठी दोन साधनं वापरली. 'रेयान' हे कतारमध्ये तयार झालेलं. त्यात 'ब्लाइंड' चालू ठेवलं की जोडीदाराचा निर्णय दिसत नाही. पानं झरझर पुढे सरकतात आणि मोबाइलवरही काम होतं. 'काडिमा' हे जर्मनीच्या युलिउस क्यून संस्थेचं. ते आधी प्रश्न, मग निकष, मग शोध, अशा क्रमाने हात धरून नेतं. रेयान वेगवान आहे, काडिमा शिस्तीचं आहे. शिकणाऱ्यांना मी काडिमाच सुचवेन. त्यात पायरी ओलांडून पुढे उडी मारायचा मोह होत नाही, आणि शिकताना तो मोहच सगळ्यात जास्त होतो.

साधन कोणतंही घ्या, खरं शिक्षण मतभेदात आहे. एका पेपरवर माझी सहकारी अडली. "ताई, हा घ्यायचा का? पट्टी आहे, पण तुलनेला बिनपट्टीची जागाच नाही. पट्टीत शिरणारं पाणी आणि बाहेर पडणारं पाणी, एवढंच मोजलंय."

मी म्हटलं, "आपल्या निकषात तुलना पट्टी नसलेल्या जागेशी आहे. वगळ."

"मग निम्मे पेपर जातील. आणि आत-बाहेर ही तुलना नाही का?"

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, माझंही नव्हतं. पट्टीच्या पलीकडे नायट्रेट कमी दिसलं तर ते जिवाणूंनी संपवलेलं असू शकतं, नाहीतर खालून आलेल्या स्वच्छ भूजलाने फक्त पातळ झालेलं. चांगले संशोधक म्हणूनच नायट्रेटबरोबर क्लोराइडही मोजतात. क्लोराइडला जिवाणू हात लावत नाहीत, त्यामुळे दोन्ही सारखंच घटलं तर ते पाणी मिसळल्यामुळे. फक्त नायट्रेट घटलं तर पट्टीने काम केलं. आम्ही प्रोटोकॉलमध्ये कारणासह दुरुस्ती नोंदवली: असे पेपर घ्यायचे, त्यांचा वेगळा गट करायचा आणि क्लोराइड मोजलंय की नाही याचा रकाना ठेवायचा. मी या विषयात इतकी वर्षं वावरते आहे, पण माझ्याच क्षेत्रातल्या मोजमापांकडे इतक्या बारकाईने बघायला मला या पद्धतीने लावलं.

दोघांचं किती जुळलं हे मोजायला 'कप्पा' हा आकडा वापरतात. नुसती टक्केवारी का चालत नाही, ते साध्या हिशेबाने कळतं. दोघांनीही 95 टक्के शीर्षकं डोळे मिटून वगळली, तरी योगायोगानेच त्यांचं 90 टक्क्यांहून जास्त जुळेल. कप्पा हा योगायोग वजा करतो. पण मला त्या आकड्यापेक्षा न जुळलेल्या पेपरांची यादी जास्त मोलाची वाटली. आकडा अहवालात जातो, निकषांना धार मात्र त्या यादीमुळे येते.

गुणवत्ता तोलण्याचा टप्पा पर्यावरणात वैद्यकापेक्षा अवघड आहे आणि मार्गदर्शिका ते लपवत नाही. नदीला चिठ्ठ्या टाकून उपचाराच्या गटात घालता येत नाही. पट्ट्या राखल्या जातात त्या शेतकरी तयार असतात तिथे, उतार सोयीचा असतो तिथे. म्हणजे पट्टी असलेली आणि नसलेली जागा मुळातच वेगळी असू शकते. म्हणून उपाय करण्याआधी आणि नंतर, शिवाय उपाय झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही जागी मोजमाप असलेला अभ्यास जास्त विश्वासाचा. फक्त 'नंतर'चं मोजमाप असेल तर वजन कमी. दुसरा जुना दोष स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्येच दाखवून दिला होता: एकाच पट्टीतून वीस नमुने घ्यायचे आणि वीस पट्ट्या तपासल्यासारखा हिशेब मांडायचा. तो अजून संपलेला नाही. आमच्या ढिगातही असे पेपर भेटत राहिले, नावाजलेल्या नियतकालिकांतलेसुद्धा. गुण देऊन बेरीज करण्याऐवजी पक्षपाताचा प्रत्येक धोका वेगवेगळा नोंदवावा, हा दृष्टिकोन मला पटला. एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूच्या गुणांनी भरून निघत नाही.

तयार आढावे तपासायला सीईईचं 'सीसॅट' हे वेगळं साधन आहे. त्यात आढाव्याच्या प्रत्येक अंगाला सोनेरी, हिरवा, पिवळसर किंवा लाल असा दर्जा देता येतो. शिकणाऱ्याने माझ्या मते इथूनच सुरुवात करावी, मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावरून नको. आपल्या विषयातला एखादा गाजलेला आढावा घ्यावा आणि सीसॅटचे प्रश्न त्याला एकेक करून विचारावेत. प्रोटोकॉल आधी जाहीर केला होता का, शोधशब्द जसेच्या तसे दिले आहेत का, वगळलेल्या पेपरांची यादी कारणांसह आहे का? किती ठिकाणी लाल येतो ते पाहिल्यावर मार्गदर्शिका वाचायची भूक आपोआप लागते. अहवालात काय काय यायला हवं याची 'रोझेस' ही तपासणी-यादी 2018 पासून उपलब्ध आहे. तिच्याबद्दल इतकंच, की ती शेवटी भरायची म्हणून ठेवू नका. सुरुवातीलाच समोर लावा.

आता उणिवा. सगळ्यात मोठी संश्लेषणाच्या टप्प्यावर आहे. शोध आणि निवड यांबद्दल इतकं तपशिलाने सांगणारी मार्गदर्शिका आकडे एकत्र करायची वेळ आली की मला अपुरी वाटली. काय करावं ते सांगते, करताना पाय कुठे घसरतो ते पुरेसं सांगत नाही. एक उदाहरण देते. पेपरमधल्या सरासरीपुढे 'अधिक-उणे 2' असं लिहिलेलं असतं. ते प्रमाण विचलन (मोजमापं सरासरीभोवती किती विखुरली आहेत) आहे की प्रमाण त्रुटी (सरासरीच किती अनिश्चित आहे)? नऊ जागांची प्रमाण त्रुटी 2 असेल तर प्रमाण विचलन 6 होतं, कारण नऊचं वर्गमूळ तीन. विचलनाच्या रकान्यात 6 ऐवजी 2 भरलं, तर त्या अभ्यासाचं प्रसरण, म्हणजे विचलनाचा वर्ग, नऊ पट कमी दिसतं, आणि वजन प्रसरणाच्या उलट प्रमाणात द्यायचं असल्याने एकटा पेपर सगळा निकाल आपल्याकडे ओढून नेऊ शकतो. आलेखाखालच्या बारीक टिपेत दडलेली ही माहिती. ती सापडली नाही तर लेखकांना लिहून विचारायचं, अंदाजाने भरायचं नाही.

मतं मोजण्याच्या सवयीवरही आणखी ठामपणे लिहायला हवं होतं. दहा पेपरांपैकी तिघांना परिणाम दिसला, सातांना नाही, म्हणून उपाय निकामी, हा निष्कर्ष इतका सहज निघतो की अनुभवी माणसंही तो काढतात. त्या सात अभ्यासांत प्रत्येकी चारच जागा असतील तर खरा परिणामही त्यांना पकडता येणार नाही. हेजेस आणि ओल्किन या संख्याशास्त्रज्ञांनी 1980 मध्येच दाखवलं, की अभ्यास छोटे असतील तर त्यांची संख्या वाढेल तशी ही मतमोजणी चुकीच्याच उत्तराकडे सरकत जाते. पुरावा वाढतो आहे आणि उत्तर बिघडतं आहे, यापेक्षा वाईट काय?

या टप्प्यासाठी आम्ही 'आर' या संगणकभाषेतलं 'मेटाफोर' हे मेटा-अॅनालिसिसचं पॅकेज वापरलं. वोल्फगांग फिख्टबाउअर यांचा त्यावरचा मूळ लेख 2010 चा, आणि संकेतस्थळावरचे सोडवून दाखवलेले नमुने उत्कृष्ट आहेत. तुलनेसाठी दोन सरासरींच्या गुणोत्तराचा लॉगरिदम घ्यायला ते शिकवतं. लिटरमागे 8 मिलिग्रॅम नायट्रेट 4 वर आलं तर उत्तर उणे 0.69, 4 चं 8 झालं तर अधिक 0.69. टक्क्यांत हेच दोन बदल उणे 50 आणि अधिक 100 दिसतात, म्हणजे वाढ घटीच्या दुप्पट भासते. शिवाय एकाच पेपरमधून आलेली चार मोजमापं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. ती एकाच घरची म्हणून हाताळायची सोय मेटाफोरमध्ये आहे. पण ही सोय कळायला संख्याशास्त्राची तोंडओळख हवी. ती नसेल तर जाणकार माणूस गटात घ्या, आणि तोही प्रोटोकॉल लिहितानाच.

एकत्रित सरासरी आली की सगळे तिच्यावर झडप घालतात. माझा आग्रह विखुरलेपणाकडे बघायचा आहे. नव्या, न तपासलेल्या एखाद्या ओढ्यावर पट्टी लावली तर परिणाम कुठून कुठपर्यंत असू शकेल, ती मर्यादा काढा. ती सरासरीच्या अनिश्चिततेच्या मर्यादेपेक्षा बहुधा खूप रुंद निघते. काठावरच्या पट्ट्यांवरचं 2007 चं एक मेटा-अॅनालिसिस 'जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल क्वालिटी'मध्ये आहे. त्यात जमिनीखालून जाणाऱ्या नायट्रोजनची घट चांगली दिसते, पण पट्टीच्या रुंदीशी तिचा संबंध दिसत नाही; पृष्ठभागावरून जाणाऱ्याचा मात्र काही अंशी दिसतो. 'पट्टी किती मीटर ठेवू?' असं विचारणाऱ्या माणसाला उत्तर देताना ही विभागणी सरासरीपेक्षा कितीतरी जास्त कामाची.

दुसरी उणीव भाषेची. मार्गदर्शिका इतर भाषांत शोधायला सांगते, पण प्रत्यक्षात कसं, हे शिकणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. आणि हा प्रश्न किरकोळ नाही. 2021 मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी'त आलेल्या एका कामात इंग्रजी सोडून 16 भाषांतले 4,19,679 पेपर चाळले गेले आणि जैवविविधता वाचवण्याच्या उपायांचा परिणाम तपासणारे 1,234 अभ्यास सापडले. फक्त इंग्रजीत शोधणाऱ्याच्या नजरेतून यातले बरेचसे निसटले असते. ज्या जातींवर आणि प्रदेशांवर इंग्रजीत काहीच नाही, त्यांच्यावरचा पुरावाही त्यांत होता. मराठीत विचार करणाऱ्या कोणालाही याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आपल्या भाषेतले अहवाल, प्रबंध आणि नोंदी कोणत्या आढाव्यात आहेत, याचा विचार मला हे शिकताना सतत सतावत राहिला.

तिसरी गोष्ट वेळेची. पर्यावरणातला एक पूर्ण पद्धतशीर आढावा एका माणसाच्या पूर्णवेळ कामाचे सरासरी 164 दिवस घेतो, आणि पुराव्याचा नकाशा, म्हणजे सिस्टिमॅटिक मॅप, 211 दिवस, असा 2019 मध्ये छापून आलेला अंदाज आहे. प्रबंधाचं पहिलं प्रकरण लवकर उरकायचं म्हणून कोणी इकडे वळणार असेल तर हे आकडे आधी नीट वाचावेत. निर्णय उद्याच घ्यायचा असेल तर केंब्रिज विद्यापीठातला 'कॉन्झर्वेशन एव्हिडन्स' हा उपक्रम पाहा. तिथे एकेका उपायावरचे अभ्यास सोप्या परिच्छेदांत दिलेले आहेत आणि तज्ज्ञांच्या गटाने त्या उपायाला 'हितकारक'पासून 'निष्फळ किंवा घातक'पर्यंत दर्जा दिला आहे. 'परिणाम अज्ञात' हा दर्जाही तिथे सरळ लिहिलेला असतो.

मग हा संच कोणी घ्यावा? ज्याच्याकडे स्वतःचा प्रश्न आहे, मतभेद मोकळेपणाने बोलणारा जोडीदार आहे आणि सबुरी आहे, त्याने आजच उघडावा. ज्याला फक्त प्रमाणपत्र हवं आहे त्याचा इथे हिरमोड होईल. शिकवणाऱ्यांनी तर तो जरूर वापरावा; एक पूर्ण आढावा विद्यार्थ्यांकडून करून घेणं जमणार नाही, पण प्रश्न, प्रोटोकॉल आणि थोडं जोडीने स्क्रीनिंग एवढं एका सत्रात सहज बसतं.

मला यात हवी होती ती एकच गोष्ट, उत्तरं दिलेला सराव: शंभर शीर्षकं, त्यांवर जाणकारांचे निर्णय, आणि प्रत्येक निर्णयामागचं कारण. स्क्रीनिंगसाठी तसं काही या संचात मला मिळालं नाही. आकड्यांसाठी मात्र आहे. मेटाफोरबरोबर मिळणाऱ्या नमुना-माहितीत 1998 च्या एका कामाचे आकडे आहेत: हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर झाडाझुडपांचं वजन किती बदलतं, याची 102 मोजमापं. त्यांच्यावर गुणोत्तराचा लॉगरिदम घेऊन मेटा-अॅनालिसिस चालवा. वाढ सुमारे 29 टक्के आली तर तुमची पायरी बरोबर पडली आहे. तसं झालं की स्वतःचे आकडे भरायला घ्या.